ओढाताणीचे शास्त्र

अमेरिकेत ‘पिकअप’ या नावाने ओळखली जाणारी गाडी, म्हणजे पुढे माणसांसाठी बंद केबिन आणि मागे मालासाठी उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन, ही मुळात शेतकऱ्याची आणि कारागिराची सोय होती. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये आपल्या ‘मॉडेल टी’ला मागे छोटा हौदा जोडून ती २८१ डॉलरला विकायला काढली, तेव्हा घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गवताच्या पेंढ्या, दुधाचे कॅन आणि खिळ्यांच्या पेट्या यांखेरीज दुसरे काही असण्याचे कारण नव्हते. पुढे १९४८ मध्ये याच कंपनीची ‘एफ’ मालिका आली, १९७७ पासून ती त्या देशातील सर्वाधिक खपाची ट्रकमालिका ठरली, आणि या यशाच्या वाटचालीत एक चमत्कार असा घडला की गाडी जसजशी मोठी होत गेली तसतसा तिचा हौदा आखूड होत गेला. एके काळी तिघांना खेटून बसवणारे एकच बाकडे आणि मागे आठ फुटांचा हौदा अशी जी विभागणी होती, तिच्या जागी आज चार दरवाजे, पाच ऐसपैस आसने आणि साडेपाच फुटांचा हौदा अशी विभागणी सर्रास दिसते. हौद्याची लांबी फूटपट्टीने मोजण्यात अजूनही रस असलेले महत्त्वाचे खाते आता प्राप्तिकराचेच उरले आहे, कारण व्यवसायासाठी घेतलेल्या जड गाडीवर पहिल्याच वर्षी मिळणारी मोठी वजावट मर्यादेविना हवी असेल, तर हौदा निदान सहा फुटांचा असावा अशी अट त्या कायद्यात आहे.

हौद्यात मावेनासे झालेले ओझे अर्थातच गाडीच्या मागे गेले. बोट, घोडे, गवत कापण्याचे अवाढव्य यंत्र किंवा स्वयंपाकघरासह झोपण्याची सोय असलेली ‘कॅम्पर’ ही चाकांवरची खोली, यांपैकी काहीही ट्रेलरवर चढवायचे, तो ट्रेलर ‘हिच’ या लोखंडी जोडणीवरील गोळ्याला अडकवायचा आणि ओढत न्यायचा, याला टोइंग म्हणतात. आणि ‘ही गाडी किती ओढते?’ हा प्रश्न तेथील पुरुषवर्गात ज्या गांभीर्याने विचारला जातो, त्या गांभीर्याने ‘प्रत्यक्षात ओढायचे काय आहे?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

निवडीची पहिली पायरी म्हणजे प्रतवारी. या गाड्या ‘अर्धा टन’, ‘पाऊण टन’ आणि ‘एक टन’ अशा तीन वर्गांत मोडतात आणि फोर्डच्या १५०, २५०, ३५० किंवा शेव्हरोले व रॅम यांच्या १५००, २५००, ३५०० या क्रमांकांवरून त्या ओळखल्या जातात. अमेरिकी टन २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा असल्यामुळे अर्ध्या टनाची गाडी हौद्यात १,००० पौंड वाहील असा या नावाचा मूळ अर्थ होता. आज मात्र त्या वर्गातील बऱ्याच गाड्या दीड हजार पौंडांहून अधिक वाहतात, आणि त्यामुळे ओझ्याच्या या सगळ्या व्यवहारात स्वतःचे सामर्थ्य कमी करून सांगणारी एवढी एकच संज्ञा शिल्लक राहिली आहे. या तीन वर्गांत विक्रेते मोजकेच असण्याचे एक कारण कोंबडी हे आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी अमेरिकन कोंबडीवर जकात बसवली, त्याचे उट्टे काढण्यासाठी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी परदेशी बनावटीच्या हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात लावली आणि ती १९६४ पासून लागू झाली. कोंबडीचा तंटा पुढे विस्मृतीत गेला, जकात मात्र टिकून राहिली, आणि हजारो पौंड ओढू पाहणाऱ्या ग्राहकाला आपली निवड एका पक्ष्याने ठरवली आहे याची गंधवार्ताही नसते.

दुसरी पायरी जाहिरातीतील आकड्याची. ‘१३,००० पौंड ओढते’ असे जे ठळक टाइपात छापले जाते, तो आकडा पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढत असे, आणि प्रतिस्पर्ध्याचा आकडा दोनशे पौंडांनी वाढला की आपलाही अडीचशे पौंडांनी वाढल्याचे ज्याच्या त्याच्या लक्षात येत असे. या स्वयंस्फूर्त वाढीला आळा घालण्यासाठी वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने २००८ मध्ये ‘जे-२८०७’ हे मानक तयार केले. ते सर्वप्रथम टोयोटाने स्वीकारले, तेव्हा तिच्या टुंड्रा या गाडीचे आकडे खाली आले, आणि हे पाहून उरलेल्या कंपन्यांनी घाई न करण्याचा शहाणपणा आणखी काही वर्षे दाखवला. या मानकातील सर्वांत कठीण परीक्षा ॲरिझोना राज्यातील डेव्हिस डॅमजवळच्या घाटाची आहे. बुलहेड सिटीकडून सुमारे ११ मैलांत सुमारे ३,००० फूट चढणारा हा रस्ता गाडीने पूर्ण वजनाचा ट्रेलर ओढत, किमान १०० अंश फॅरनहाइट उन्हात, ठरावीक वेगाखाली न येता पार करायचा असतो, आणि तोही वातानुकूलन पूर्ण जोरावर चालू ठेवून. ग्राहक इंजिन फुटेपर्यंत ओढील पण घाम येऊ देणार नाही, हे मानवी स्वभावाचे निरीक्षण इतक्या नेमकेपणाने एखाद्या तांत्रिक नियमावलीत नोंदवले गेल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे. तथापि याच मानकात गाडीत चालक आणि एक सहप्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे, म्हणजे ६८ किलोंचे, गृहीत धरले आहेत, आणि येथे मात्र अभियंत्यांचे निरीक्षण डगमगले असावे, कारण ६८ किलो वजनाचे आणि सोबत मुलेबाळे, कुत्रा वा बर्फाची पेटी नसलेले असे जोडपे ट्रेलर घेऊन निघालेले सहसा आढळत नाही.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची असून ती गाडीच्या दारात असते. चालकाचे दार उघडले की खांबावर एक छोटी चिकटपट्टी दिसते आणि तिच्यावर त्या विशिष्ट गाडीतील माणसे व सामान यांचे एकत्रित वजन किती पौंडांपुढे जाऊ नये हे छापलेले असते. यालाच ‘पेलोड’ म्हणतात. ट्रेलर मागून ओढला जात असला तरी त्याचा पुढचा दांडा हिचवर रेलून राहतो, आणि हा खाली पडणारा भार, ज्याला ‘टंग वेट’ असे नाव आहे, साध्या ट्रेलरच्या बाबतीत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो, कारण तो कमी पडला तर ट्रेलर महामार्गावर शेपूट हलवू लागतो. आता समजा, १३,००० पौंड ओढण्याची ग्वाही देणाऱ्या गाडीच्या दारावर पेलोड १,६०० पौंड लिहिले आहे आणि ट्रेलर केवळ ९,००० पौंडांचा आहे. त्याचा १३ टक्के भार, म्हणजे १,१७० पौंड, हिचवर आला की उरतात ४३०. वजन पुढच्या-मागच्या चाकांत वाटून देणारी खास हिच स्वतः सुमारे १०० पौंडांची असते, ती वजा केली की ३३०. मग १९० पौंडांचे गृहस्थ आणि १५० पौंडांच्या त्यांच्या पत्नी आसनस्थ झाल्या की शिल्लक उणे दहा. मुले अजून घरातून निघालेली नाहीत, कुत्रा दारात उभा आहे, आणि जाहिरातीप्रमाणे अद्याप ४,००० पौंडांचे सामर्थ्य वापरायचे बाकी आहे.

या हिशेबाचा एक उपसिद्धान्त असा की गाडी जितकी महाग, तितकी ती कमी वाहते. कातडी आसने, काचेचे सरकते छप्पर, विजेने बाहेर येणाऱ्या पायऱ्या आणि मालिश करणारी पाठ या सर्व गोष्टींचे वजन पेलोडमधूनच वजा होत असल्यामुळे, रबरी चटई आणि साध्या कापडी आसनांची कंत्राटदाराची गाडी तिच्याच श्रीमंत बहिणीपेक्षा शेकडो पौंड अधिक उचलते. त्यातील आणखी एक गंमत म्हणजे या श्रीमंत आवृत्त्यांना नावे पशुपालनाची असतात. फोर्डची ‘किंग रँच’ ही आवृत्ती टेक्सासमधील सुमारे सव्वाआठ लाख एकरांच्या कुरणाचे नाव मिरवते, तर टोयोटाची ‘१७९४’ ही आवृत्ती सॅन अँटोनियो येथे ज्या कुरणाच्या जमिनीवर तिचा कारखाना उभा राहिला, त्याच्या स्थापनेचे वर्ष सांगते. गुराढोरांशी नाते सांगणाऱ्या या गाड्यांत एखादे वासरू चढवण्याची वेळ आली, तर मालक आधी त्याचे खूर पुसायला घेईल यात शंका नाही.

वर्ग ठरला, आकडे कळले, की इंजिनाचा प्रश्न येतो आणि तेथून खर्चाचे प्रकरण सुरू होते. पाऊण टन व एक टन वर्गांत पेट्रोल इंजिनाऐवजी डिझेल इंजिन घ्यायचे असेल तर अलीकडच्या काळात सुमारे दहा हजार डॉलर जास्त मोजावे लागतात, आणि ‘डिझेल मैलांत पैसे वसूल करते’ हे वाक्य शोरूममध्ये, पेट्रोल पंपावर आणि मेजवानीत सारख्याच खात्रीने उच्चारले जाते. ते तपासून पाहण्यास हरकत नाही. समजा, ट्रेलरविना व ट्रेलरसह असा मिश्र वापर धरून पेट्रोलची गाडी एका गॅलनला, म्हणजे सुमारे ३.८ लिटरला, १२ मैल जाते आणि डिझेलची १६ मैल. पेट्रोलचा भाव गॅलनला ३.२० डॉलर आणि डिझेलचा ३.८० डॉलर आहे. मग दर मैलाला पेट्रोलवर सुमारे २६.७ सेंट आणि डिझेलवर २३.७५ सेंट खर्च होतात, बचत तीन सेंटांहून किंचित कमी पडते, आणि दहा हजार डॉलर वसूल होण्यासाठी गाडी सुमारे ३ लाख ४३ हजार मैल चालवावी लागते. पृथ्वीपासून चंद्राचे सरासरी अंतर सुमारे २ लाख ३९ हजार मैल असल्यामुळे, मालकाने चंद्रावर जाऊन परतीच्या वाटेचा दोन-पंचमांशांहून अधिक भाग कापला की त्याचा व्यवहार ना नफा ना तोटा या बिंदूवर येतो. वर्षाला १२,००० मैल या गतीने त्याला अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ लागेल. डिझेल गाडी जुनी विकताना चांगली किंमत येते आणि घाट उतरताना तिचा एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धूर कोंडून वेग आवरणारी योजना, चाकांच्या ब्रेकचे श्रम वाचवते, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. पंधरा हजार पौंडांचा ट्रेलर रोज ओढणाऱ्यासाठी हे गुण खरे आहेत. मात्र हे गुण सर्वांत जास्त आवाजात सांगणाऱ्याकडे बहुधा वर्षातून एकदा निघणारी बोट असते.

डिझेलच्या देखभालीचे स्वरूप पाहिले म्हणजे वसुलीचा तो बिंदू चंद्राहूनही दूर सरकतो. साध्या पेट्रोल इंजिनाला जेथे सहा ते नऊ क्वार्ट ऑइल पुरते (क्वार्ट म्हणजे लिटरला किंचित कमी), तेथे या इंजिनांना दहा ते तेरा क्वार्ट लागते. इंधनाचे फिल्टर वेगळे, आणि काही इंजिनांतील उच्च दाबाचा पंप झिजून त्याचा लोखंडी कीस इंधनाच्या वाटेत पसरला तर होणारी दुरुस्ती हजारो डॉलरची. धुरातील विषारी वायू मारण्यासाठी ‘डीईएफ’ नावाचा द्रव भरत राहावा लागतो, जो ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतो. महाराष्ट्रातील शेतकरी जे पोत्याने उसाला घालतो, ते येथे बाटलीने गाडीला घालायचे आणि संपू दिले तर गाडीने स्वतःहून वेग कमी करून मालकाला शिक्षा करायची, अशी व्यवस्था आहे. २००७ नंतरच्या गाड्यांत काजळी अडवणारी गाळणीही असते आणि साचलेली काजळी जाळण्यासाठी धूर बराच वेळ तापलेला असावा लागतो. मुलांना शाळेत सोडणे आणि कोपऱ्यावरून दूध आणणे यांत तो तापत नाही, म्हणून जड ओझ्यासाठी घेतलेल्या गाडीच्या प्रकृतीस्तव मालकाला अधूनमधून तिला महामार्गावर रिकामीच फिरवून आणावे लागते.

गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत देखभालीची दोन वेळापत्रके असतात: एक सामान्य वापरासाठी आणि दुसरे ‘कठोर वापरा’साठी, ज्यात ऑइल, गिअरबॉक्सचा द्रव आणि मागील आसाच्या डिफरन्शियलचे तेल बरेच लवकर बदलायचे असते. कठोर वापराच्या व्याख्येत ट्रेलर ओढणे, धुळीचे रस्ते, कडक ऊन, कडाक्याची थंडी, बंद-चालू वाहतूक, जवळजवळच्या फेऱ्या आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणे या गोष्टी येतात, आणि ही यादी नीट वाचली तर सामान्य वापर कोठे होतो असा प्रश्न पडतो. तरीही मित्रमंडळींत डेव्हिस डॅमचा घाट कोळून प्यायलेला मालक सर्व्हिस सेंटरच्या खिडकीपाशी येताच नम्र होतो आणि आपला वापर अगदी सामान्य असल्याचे सांगतो. बढाई मारताना गाडी ट्रेलर ओढते आणि बिल भरताना ती किराणा आणते, हे द्वैत या विषयाच्या अभ्यासकाने कायम ध्यानात ठेवावे.

ट्रेलर स्वतः काही खात नाही, या समजुतीतही फारसे तथ्य नाही. त्याचे टायर झिजण्याआधीच वयाने मरतात, आणि नक्षी नवी दिसत असली तरी पाच-सहा वर्षांनी ते बदलावेत असा सल्ला दिला जातो. चाकांच्या बेअरिंगना ग्रीस लागते, विशेषतः बोटीच्या ट्रेलरला, कारण त्याची चाके दर वेळी पाण्यात बुडतात. ठरावीक वजनापुढच्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असणे बहुतेक राज्यांत सक्तीचे असल्यामुळे तेही सांभाळावे लागतात. आणि सात पिनांचा विजेचा जोड हिवाळ्यात गंजून निघण्याच्या सकाळी नेमका डावा दिवा बंद ठेवतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात पिकअपची नोंदणी सर्वसाधारणपणे व्यावसायिक वाहन म्हणून होते आणि वजनानुसार शुल्क आकारले जाते, म्हणजे मालकाने तिला कितीही कौटुंबिक मानले तरी सरकार तिला हमालच समजते.

हा सर्व खर्च पाहून जुनी गाडी घ्यावी असे ज्याला वाटते, त्याला वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातील भाषा आत्मसात करावी लागते. तेथील प्रत्येक पिकअप फक्त महामार्गावर चाललेली असते आणि कोणत्याही पिकअपने आयुष्यात काहीही ओढलेले नसते. शोरूममध्ये जी क्षमता गाडीचे सर्वांत मोठे भूषण होती, तिचा कधीच वापर न होणे हे बाजारात तिचे सर्वांत मोठे भूषण ठरते. जाणकार ग्राहक मात्र विक्रेत्याशी बोलत बसत नाही. तो वाकून हिचच्या चौकोनी नळीत डोकावतो, आतला रंग घासून गेला आहे का ते पाहतो, गिअरबॉक्सच्या द्रवाचा वास घेतो, तो करपट आला तर हसतमुखाने निरोप घेतो.

पर्यायांचा विचार केल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होणार नाही. सात-आठ माणसे बसवणाऱ्या काही मिनीव्हॅन ३,५०० पौंड ओढू शकतात आणि लहान कॅम्पर किंवा मच्छीमारीची बोट एवढ्यात भागते. युरोपात तर साध्या कुटुंबाच्या मोटारी सुट्टीत कॅराव्हॅन ओढत निघतात, कारण तेथे हिचवरचा भार कमी ठेवतात आणि ट्रेलरसह वेगही कमी ठेवतात. पण मिनीव्हॅनला कोणत्याही कुरणाचे नाव दिलेले नाही, ही तिची उणीव कोणत्याही आकड्याने भरून निघत नाही. विजेवरची पिकअप ओढण्यात कमी पडत नसली तरी मोठा ट्रेलर जोडला की एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर निम्म्यावर येऊ शकते, आणि बहुतेक चार्जिंग केंद्रे सुट्या मोटारी डोळ्यांपुढे ठेवून आखलेली असल्यामुळे ट्रेलर सोडवून बाजूला ठेवणे, चार्ज करणे आणि पुन्हा जोडणे हा व्यायाम प्रवासात समाविष्ट होतो. गरजेपुरती गाडी भाड्याने घेणे हा हिशेबाने सर्वांत स्वस्त मार्ग, परंतु अनेक भाडेकरारांत त्या गाडीला ट्रेलर जोडण्यास मनाई असते.

एक खर्च मात्र कोणत्याच तक्त्यात सापडत नाही आणि तो म्हणजे मित्र. पिकअप दारात आली की सोफा, फ्रीज, झाडांची माती आणि मुलीच्या वसतिगृहाचे सामान हलवण्याच्या विनंत्या शनिवारी सकाळी येऊ लागतात, आणि परतफेड पिझ्झाने होते. टेक्सासमधील एखाद्या मराठी मंडळाचा सभासद पिकअप घेतो तेव्हा त्याला हे ज्ञान भाद्रपदात होते. ढोल, मखर, पंगतीची भांडी आणि ध्वनिक्षेपक यांची वाहतूक त्याच्याकडे आपोआप चालत येते, आणि कार्यकारिणीत त्याची निवड बिनविरोध होते. या कामात हौदा पुरतो, ट्रेलर लागत नाही, ही बाब तो घरी बोलून दाखवत नाही.

वास्तविक ज्यांना खरोखर ओढायचे असते, म्हणजे घोडे नेणारे, गवताचे गठ्ठे पोचवणारे किंवा भाड्याने यंत्रे वाहणारे, त्यांची निवड चटकन होते: ते दारावरची पट्टी वाचतात, लागेल त्याहून एक वर्ग वरची साधी गाडी घेतात, कठोर वेळापत्रकाप्रमाणे तेल बदलतात आणि त्यावर चर्चा करत नाहीत. चर्चा उरते ती इतरांसाठी, आणि तिचा क्रम असा असतो की निर्णय इंजिनासारखा पुढे निघून जातो आणि कारणे ट्रेलरसारखी त्याच्या मागून ओढली जातात. सर्वेक्षणांतून असे दिसते की बहुसंख्य मालक वर्षातून एकदा किंवा तेवढेही काही ओढत नाहीत. तरी त्या एका दिवसाच्या जास्तीत जास्त ओझ्यावरून गाडी निवडली जाते आणि उरलेले ३६४ दिवस तिचे पोट भरले जाते. ८४ महिन्यांचे हप्ते, विमा, टायर आणि ऑइल यांची बेरीज तिसऱ्या-चौथ्या वर्षी अंगावर आली की घरात काटकसरीचा विचार सुरू होतो, कोणती वस्तू सर्वांत कमी वापरली जाते याची मोजदाद होते, आणि एकमताने बोट विकली जाते. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी पिकअपही बाजारात येते, आणि तिच्या जाहिरातीत मालक लिहितो की गाडीने कधीच काही ओढलेले नाही. असे लिहिणाऱ्यांपैकी निदान एवढ्या एकाचे म्हणणे बव्हंशी खरे असते.